प्रथमोपचाराचे शिक्षण : कानाने की हाताने?

श्रोतेहो, आजचा विषय लहान मुलांचा आहे, पण तो ऐकायचा आहे मोठ्या माणसांनी. जी माणसे दुसऱ्यांची मुले दिवसाचे काही तास सांभाळतात त्यांनी तर तो अवश्य ऐकावा. अंगणवाडीची सेविका, तिची मदतनीस, बालवाडीच्या ताई, पाळणाघर चालविणाऱ्या बाई, पहिलीच्या वर्गाचे गुरुजी ही सारी मंडळी ह्यात आली.

समजा, सकाळचे अकरा वाजले आहेत. अंगणवाडीत वीस-पंचवीस मुले बसली आहेत. घरून आणलेले भाजके शेंगदाणे कुणीतरी शेजाऱ्याला दिले, आणि खाता खाता ते मूल हसले. एकाएकी त्याचा आवाज बंद झाला. खोकला येत नाही, रडू येत नाही, ओठ काळेनिळे पडू लागले. श्वास पुरता अडला, तर प्राणवायूवाचून मेंदू फार तर चार-पाच मिनिटे तग धरतो. आरोग्य केंद्र सात-आठ किलोमीटरांवर आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि तिला बोलवायचेच आहे. पण ती कितीही तातडीने निघाली, तरी ह्या चार मिनिटांत पोचेल असे नाही. तेवढ्या वेळापुरता त्या मुलाचा वैद्य एकच, तो म्हणजे समोर उभी असलेली सेविका.

आता प्रश्न असा की, त्या घटकेला काय करायचे हे तिने शिकावे कसे? मोबाइलवर धडे पाहून, की वर्गात बसून?

मोबाइलची बाजू घेणारे जे सांगतात ते खोटे नाही. सेविकेला तालुक्याच्या गावी जावे लागत नाही. एस.टी.चे भाडे वाचते, अंगणवाडी बंद ठेवावी लागत नाही. एकच चांगला धडा गडचिरोलीत आणि सिंधुदुर्गात सारखाच पोचतो. समजला नाही तर पुन्हा लावता येतो. दुसरी बाजू म्हणते, पाहणे निराळे आणि येणे निराळे. विहिरीच्या काठावर बसून पोहणाऱ्याला कितीही न्याहाळले, तरी पाण्यात पडल्यावर हातपाय आपलेच हलवावे लागतात.

हा वाद मोबाइलबरोबर जन्माला आला असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तो अडीचशे वर्षांचा आहे. मोबाइलच्या जागी आधी छापील कागद होता, मग पुस्तक आले, मग आपला हा रेडिओ आला. तेव्हा निकाल देण्यापूर्वी ह्या जुन्या पुराव्याची साक्ष काढू.

हॉलंड हा कालव्यांचा देश. ॲमस्टरडॅम शहरात तर रस्त्याइतके कालवे, आणि त्यांत माणसे बुडत. १७६७ साली तेथील काही नागरिकांनी बुडालेल्यांना वाचविण्यासाठी एक संस्था काढली. तिने सूचना छापून लोकांत प्रसृत केल्या: अंग ऊब देऊन गरम करा, चोळा, नाक दाबून धरून तोंडाने वारा भरा. त्यांतच गुदद्वारावाटे तंबाखूचा धूर सोडावा, अशीही एक सूचना होती! आज आपल्याला हसू येते, पण त्या काळच्या विद्वानांना हा उपाय रास्त वाटत होता. थॉमस कोगन ह्या डॉक्टरांनी ॲमस्टरडॅमच्या संस्थेचा वृत्तान्त १७७३ मध्ये इंग्रजीत आणला, आणि पुढच्याच वर्षी, १७७४ साली, त्यांनी व विल्यम हॉज यांनी लंडनमध्ये तशीच संस्था स्थापन केली. हीच पुढची रॉयल ह्यूमेन सोसायटी.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. छापील कागदाने ज्ञान एका देशातून दुसऱ्या देशात सहा-सात वर्षांत नेले. त्या काळच्या मानाने हा वेग थोडा नव्हे. पण कागदाने खरे आणि खोटे दोन्ही सारख्याच ऐटीत नेले. तोंडाने वारा भरण्याची सूचना आणि तंबाखूच्या धुराची सूचना एकाच पानावर होती. आणि गंमत पाहा, ह्यांतली खरी गोष्ट कोणा विद्वानाने शोधलेली नव्हती. न रडणाऱ्या नवजात बालकाच्या तोंडात हळूच फुंकर घालून त्याला रडविण्याची कला युरोपातल्या सुइणींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. सुईण ती दुसऱ्या सुइणीच्या हाताखाली शिके. विद्वानांनी मात्र ती अडाण्यांची रीत समजून बाजूला सारली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंडाच्या श्वासाची जागा भात्याने घेतली. पुढे भाताही मागे पडला.

आता आपण शंभर वर्षे पुढे येऊ. १८७७ साली इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन निघाली. कारखाने, खाणी, रेल्वे वाढल्या होत्या आणि त्यांबरोबर अपघातही. डॉक्टर येईपर्यंत जखमी माणसाजवळ जो कोणी असेल त्यालाच थोडे शिकवून ठेवावे, ही कल्पना. पीटर शेपर्ड हे लष्करी डॉक्टर. १८७८ च्या आरंभी वुलिच येथे सामान्य नागरिकांसाठी जे पहिले वर्ग भरले, त्यांत त्यांचा पुढाकार होता. वर्गासाठी त्यांनी एक छोटे पुस्तकही लिहिले. पुढे वर्षभरातच ते दक्षिण आफ्रिकेत झुलू युद्धावर गेले आणि २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवानाच्या लढाईत मारले गेले. माणूस गेला, पण वर्गाची रीत राहिली आणि जगभर पसरली. आपल्या देशातही ती आली. पोलिस, रेल्वे कामगार, स्काउट, शाळाशिक्षक ह्यांच्या प्रथमोपचाराच्या वर्गांचे मूळ तेथे आहे.

ह्या वर्गांची घडण कशी होती? पुस्तक होते, व्याख्यान होते. पण त्यांच्याजवळच एक त्रिकोणी कापड होते. जर्मन शल्यवैद्य फ्रीडरिश एस्मार्क यांनी लोकप्रिय केलेली ही त्रिकोणी पट्टी. तिची झोळी होते, डोक्याचे बंधन होते, घडी घालून दाबपट्टी होते. शिकणाऱ्याने शेजाऱ्याच्या हाताला ती बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. एस्मार्क १८८१ साली लंडनला गेले असता हे वर्ग पाहून इतके प्रभावित झाले की, परत गेल्यावर १८८२ मध्ये कील येथे त्यांनी अशीच शाळा काढली. म्हणजे ज्याची पट्टी, त्यालाही वर्गाची रीत दुसरीकडे जाऊन पाहावीशी वाटली. पुस्तक वाचणारे हजारो असतील; ‘मला प्रथमोपचार येतो’ असे म्हणण्याचा अधिकार मात्र ज्याची गाठ परीक्षकासमोर बसली त्यालाच मिळे.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, ठरले तर मग, वर्गच खरा. शिक्षक मित्रहो, थोडे थांबा. इतिहास असा एका बाजूला झुकत नाही.

कारण हाताने शिकविलेले चुकीचेही असू शकते, आणि ते चुकीचे असेल तर मोठ्या घट्टपणाने चुकीचे राहते. श्वास थांबलेल्या माणसाला पुन्हा श्वास घ्यायला लावण्याच्या पद्धती पाहा. १८५८ साली डॉक्टर सिल्व्हेस्टर यांनी सांगितले की, माणसाला उताणे निजवावे, त्याचे हात डोक्यावर न्यावेत आणि परत आणून छातीवर दाबावेत. विसाव्या शतकाच्या आरंभी शेफर यांनी सांगितले, पालथे निजवून पाठीच्या खालच्या भागावर दाब द्यावा. १९३२ साली डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यांनी पालथ्या माणसाची पाठ दाबून मग कोपरे उचलण्याची रीत दिली. ह्या साऱ्या रीती वर्गावर्गांतून, तालासुरात, शिस्तीने घोटून घेतल्या गेल्या. जवळजवळ शंभर वर्षे लाखो लोकांचे हात त्यांवर बसले. पण त्या रीतींनी फुप्फुसात हवा पुरेशी जाते का, ह्याची नीट खात्री झालेली नव्हती.

ते मोजण्याचा मार्ग मोकळा झाला तो एका मुलाच्या निमित्ताने. १९४६ साली अमेरिकेत मिनिआपोलिस शहरात पोलिओची साथ होती. जेम्स एलम हे तरुण डॉक्टर रुग्णालयाच्या बोळात उभे असताना, निळे पडलेले एक मूल गाडीवरून घाईघाईने नेले जात होते. एलम यांनी गाडी थांबविली, मुलाचे तोंड पुसले, त्याच्या नाकाला तोंड लावले आणि श्वास भरला. चार श्वासांत मुलाचा रंग पालटला. हे त्यांना सुचले कसे? आदल्याच रात्री त्यांनी एका पुस्तकात सुइणींच्या त्या जुन्या रीतीविषयी वाचले होते! विद्वानांनी टाकून दिलेली विद्या पुस्तकाने जपून ठेवली होती आणि ती दीडशेहून अधिक वर्षांनी पुन्हा हातात आली. अर्थात एलम स्वतः डॉक्टर होते; श्वासाचा मार्ग कसा मोकळा करायचा हे त्यांच्या हाताला आधीपासून ठाऊक होते. केवळ वाचून कोणालाही हे जमले असते, असा अर्थ ह्यातून काढू नये.

आपण सोडलेल्या श्वासातही दुसऱ्याला पुरेल इतका प्राणवायू असतो, हे एलम यांनी १९५४ पर्यंत सिद्ध केले. पुढे बाल्टिमोर येथे पीटर सफार यांनी १९५७ च्या सुमारास स्वयंसेवकांवर प्रयोग केले. डॉक्टर आणि निष्णात माणसे हजर असताना, औषध देऊन स्वयंसेवकांचा श्वास तात्पुरता थांबविला जाई आणि वैद्यकी न शिकलेली साधी माणसे त्यांना श्वास देत. असे दिसून आले की, पालथे निजवण्याच्या जुन्या पद्धतींत जीभ मागे पडून घसा बंद होतो आणि हवा पुष्कळदा आत जातच नाही. उलट डोके मागे कलवून तोंडाने भरलेला श्वास थेट फुप्फुसात जातो. शंभर वर्षांचा सराव दोन-तीन वर्षांत कालबाह्य ठरला. १९६० मध्ये छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध झाली आणि आजच्या पद्धतीचा पाया घातला गेला.

आपल्या खेड्यांतले उदाहरण घ्या. साप चावला की वर घट्ट आवळून बांधा, जखमेवर चीर द्या, विष चोखून काढा, हे कित्येक वर्षे पुस्तकांत होते, वर्गांतही होते. आज डॉक्टर सांगतात, ह्यांतले काहीही करू नका. चावलेला अवयव हलू देऊ नका, धीर द्या, आणि प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात लवकरात लवकर न्या. भाजलेल्या जागेवर तूप, हळद, टूथपेस्ट लावण्याचेही तेच. तिथे हवे आहे वाहते गार पाणी, चांगले वीस मिनिटे. हे बदललेले शास्त्र गावोगाव तातडीने पोचवायचे, तर एकेका वर्गाची वाट पाहून चालणार नाही. तिथे रेडिओ हवा, मोबाइल हवा. ‘हे करू नका’ असे सांगायला आवाज पुरतो. ‘असे करा’ हे शिकवायला मात्र आवाज अपुरा पडतो.

का पडतो, ते एका बाहुलीच्या गोष्टीवरून कळेल. सफार यांची रीत आली, पण शिकणाऱ्याने सराव करायचा कोणावर? धडधाकट शेजाऱ्याच्या छातीवर जोर देता येत नाही. नॉर्वेच्या स्टाव्हांगर गावी आस्मुंड लेर्डाल नावाचे खेळणी बनविणारे कारखानदार होते. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या त्यांच्याकडे तयार होत. प्रथमोपचाराच्या वर्गांसाठी नकली जखमाही त्यांनी बनविल्या होत्या. त्यांचा स्वतःचा लहान मुलगा एकदा पाण्यात बुडून निपचित पडला होता आणि त्यांनीच त्याला बाहेर काढून वाचविले होते. डॉक्टरांनी सरावासाठी माणसाएवढी बाहुली मागितली तेव्हा ती अडचण ह्या गृहस्थांना समजावून सांगावी लागली नाही. १९६० साली त्यांची ‘ॲन’ नावाची बाहुली तयार झाली. पॅरिसच्या सीन नदीत बुडालेल्या कोणा अज्ञात मुलीचा म्हणून एक मुखवटा युरोपात घरोघर भिंतीवर टांगलेला असे. बाहुलीचा चेहरा त्यावरून घेतला. डोके नीट कलवले तरच तिची छाती फुगते, नाहीतर नाही. ही बाहुली मोठी कडक परीक्षक आहे. तिच्यापुढे पाठांतर चालत नाही.

आपल्या भाषेत ‘हात बसणे’ असा एक सुरेख शब्दप्रयोग आहे. भाकरी थापणाऱ्या मुलीचा हात बसतो, कुंभाराचा बसतो, सुताराचा बसतो. भाकरी कशी करतात हे घरातल्या प्रत्येक पुरुषाने हजारदा पाहिलेले असते. त्यांपैकी कितीजणांना ती येते, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे. तान्ह्या मुलाच्या घशात काही अडकले, तर त्याला आपल्या हातावर पालथे घेऊन, डोके छातीपेक्षा खाली ठेवून, दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडील भागाने पाच थापा मारायच्या असतात. ऐकायला सोपे आहे. पण लहान जिवाला ‘मारायचे’ म्हटले की हात आपोआप हलका पडतो, आणि हलक्या थापेने दाणा सुटत नाही. थाप किती जोराची हवी हे शब्दांत सांगता येत नाही. ते बाहुलीवर कळते. मुलाचे डोके सावरताना बोटे कुठे असावीत, हेही मान सावरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

परदेशच्या ह्या इतिहासाला आपल्याकडे आणून जोडू. मुले सांभाळणाऱ्या बायांना शिकवून तयार करण्याचे मोठे काम महाराष्ट्रात झाले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा बाणा. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. तेथे बालसेविका तयार झाल्या त्या व्याख्याने ऐकून नव्हे. मुलांना न्हाऊमाखू घालून, त्यांची नखे कापून, त्यांच्यात बसून तयार झाल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर गेला. आज एकट्या महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. एवढ्या सेविकांना शिकवायचे म्हणजे कोसबाडची एक टेकडी पुरत नाही. दूरशिक्षणाची गरज येथूनच उत्पन्न होते, आणि ती खरी गरज आहे.

दूरशिक्षणाचा एक मोठा प्रयोग आपल्याच मातीत झाला, आणि तोही रेडिओवरून. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकी रेडिओ-मंडळे चालविली. आठवड्यातून दोनदा असे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात सुमारे वीस माणसे संचाभोवती जमत, ऐकत, आणि संच बंद झाल्यावर ऐकलेल्यावर आपसांत चर्चा करीत. काय करायचे ते ठरवीत, शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांची ही रीत होती: ऐका, बोला, करा. टाटा समाजविज्ञान संस्थेने ह्या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत मंडळे होती तिथल्या लोकांच्या ज्ञानात ठळक भर पडली. जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते तिथे ती फारच थोडी होती. आवाज दोन्हीकडे तोच, कार्यक्रम तोच. फरक इतकाच की, एकीकडे आवाजाभोवती माणसे एकत्र बसली होती. हा प्रयोग इतका पटला की, १९५९ मध्ये आकाशवाणीने ही मंडळे देशभर नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला.

पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनचा जो प्रयोग झाला, त्यात दुसऱ्या राज्यांतल्या सुमारे ४८,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. तेथेही नुसता पडदा नव्हता. पडद्याशेजारी मार्गदर्शक होता, प्रयोगाचे साहित्य होते, आणि पाहिलेले करून बघायचे होते.

आता आपल्या काळाकडे वळू. २००५ च्या सुमारास अमेरिकेत घरी बसून शिकण्याचा एक संच निघाला. त्यात अर्ध्या तासाची चित्रफीत आणि फुगवायची लहान बाहुली असे. चित्रफितीतला शिक्षक दाबून दाखवी, आणि पाहणारा त्याच क्षणी आपल्या मांडीपुढच्या बाहुलीवर दाबी. तपासणीत असे आढळले की, ही माणसे कित्येक तासांच्या वर्गात शिकलेल्या माणसांपेक्षा मागे नव्हती. डेन्मार्कमध्ये अशा सुमारे ३५,००० बाहुल्या शाळकरी मुलांना वाटल्या. त्या मुलांनी घरी नेऊन आईबापांना, भावंडांना शिकविले. एका बाहुलीमागे सरासरी दोन-अडीच माणसे आणखी शिकली. म्हणजे पडद्यावरून शिकता येत नाही, हेही खरे नव्हे. पडद्यासमोर हाताला काम असेल तर शिकता येते. हात मांडीवर ठेवून पाहिले तर फक्त पाहिल्याचे समाधान मिळते, आणि संकटकाळी ते समाधान फसवे ठरते.

इंग्लंडने ह्यावर कायद्याने उत्तर काढले आहे. तेथे २०१२ साली एका पाळणाघरात नऊ महिन्यांच्या बालिकेच्या घशात घास अडकला आणि ती दगावली. तिच्या आईबापांनी आपले दुःख घरात ठेवले नाही. लोकमत जागे केले. पुढे नव्याने शिकून येणाऱ्या बालसेविकांना मुलांच्या प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. प्रमाणपत्र असलेली एक तरी व्यक्ती मुले असतील तेव्हा हजर हवी, आणि दर तीन वर्षांनी ते नवे करावे लागते. पूर्ण शिक्षण बारा तासांचे असते. त्यांतले तातडीच्या उपचारांचे किमान सहा तास शिक्षकासमोर बसूनच पुरे करायचे. २०२० मध्ये करोनाची साथ आली, वर्ग बंद पडले, तेव्हा प्रमाणपत्रांची मुदत वाढवून देण्यात आली. पण हाताचे शिक्षण पडद्यावर उरकून घ्या, असे कायद्याने म्हटले नाही. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते.

तरीही पडद्याची गरज संपत नाही. तान्ह्या मुलाचे हृदय थांबले तर छातीवर दोन बोटांनी दाब द्यावा, असे कित्येक वर्षे वर्गांतून शिकविले गेले. २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ही दोन बोटांची रीत काढून टाकली, कारण तिने पुरेसा दाब पडत नाही. आता एका तळहाताचा मनगटाकडील भाग, किंवा दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठे, असे सांगितले आहे. चार वर्षांपूर्वी वर्गात उत्तम गुण मिळविलेली सेविका आज जुनेच करील. तिला ही बातमी लगेच कळवील तो मोबाइलच. मात्र बातमी कळल्यावर नवी रीत हातात बसविण्यासाठी तिला पुन्हा बाहुलीपुढे बसावे लागेल. शिवाय हाताची विद्या गंजते. सराव नसेल तर काही महिन्यांतच दाबाचा अंदाज चुकू लागतो, हे अनेक पाहण्यांतून दिसले आहे.

मग आपण काय करावे? माझ्या मते उत्तर १९५६ च्या त्या १५० गावांनी देऊन ठेवले आहे. अंगणवाडीच्या प्रत्येक बीटची मासिक सभा होतेच. मुख्यसेविका येते, सेविका जमतात, नोंदवह्या आणि मोबाइल दोन्ही तपासले जातात. त्या सभेत अर्धा तास प्रथमोपचाराचा ठेवावा. धडा मोबाइलवर सर्वांनी आधीच पाहून यावा. सभेत व्याख्यान नको. पाळीपाळीने प्रत्येकीने करून दाखवावे. तालुक्याला तान्ह्या मुलाएवढी एक आणि मोठ्या मुलाएवढी एक अशा दोन बाहुल्या असल्या, तरी त्या बीटाबीटांत फिरविता येतील. आरोग्य केंद्रातले डॉक्टर किंवा परिचारिका वर्षातून दोनदा येऊन हात तपासून जातील. मदतनिसांना ह्यातून वगळू नये. सेविका सभेला गेलेली असते तेव्हा मुलांजवळ मदतनीसच असते.

आणखी एक गोष्ट अशा सभेतच शिकता येते, ती म्हणजे धीर. मूल निपचित पडले की चार वडीलधारी माणसे धावत येतात. कोणी म्हणते पाणी पाजा, कोणी म्हणते घशात बोट घाला, कोणी पाय धरून उलटे टांगायला निघते. त्या गलक्यात, ‘बाबा, बाजूला व्हा, मला करू द्या, तुम्ही १०८ ला फोन लावा,’ असे ठामपणे म्हणणे हेही प्रथमोपचाराचेच अंग आहे. तरुण सुनेला ते वाक्य उच्चारणे किती जड जाते, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. दहा मैत्रिणींसमोर ते तिने मोठ्याने म्हणून पाहिलेले असेल, तर त्या दिवशी तिच्या तोंडून ते निघेल.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे भाषण ऐकून किंवा ही पुस्तिका वाचून कोणाला प्रथमोपचार येईल, असे मी समजत नाही. अडीचशे वर्षांचा इतिहास सांगितल्यावर मला तसे म्हणताही येणार नाही. खोकणाऱ्या मुलाला खोकू द्यावे, न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नये, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, एवढे मात्र कानाने शिकता येते. तेवढे आजच घेऊन जा. बाकीच्यासाठी पुढच्या सभेच्या आधी मुख्यसेविकेला किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना गाठा आणि विचारा, आमचे हात केव्हा तपासणार? हा प्रश्न दहा गावांतून गेला, तर बाहुलीही येईल आणि शिकविणारेही येतील.